मार्गावर काम सुरू होतं

तुम्ही त्याला खोटं लिही असं कधीच म्हणाला नाहीत. तेवढे तुम्ही हुशार आहात. तुम्ही फक्त विचारलंत, ‘त्या मार्गावर त्या वेळी कोणी काम करत होतं का?’ आणि पेनाचं टोपण काढून वाट बघत बसलात. उत्तर तुमच्याकडे आधीच तयार होतं, तुम्हाला ते फक्त दुसऱ्याच्या सहीने हवं होतं. सातव्या मजल्यावर, गालिचा घातलेल्या खोलीत, भिंतीवर सगळ्या फायबरच्या जाळ्याचा रंगीत नकाशा लावून तुम्ही बसता. त्या नकाशातल्या एका रेषेवरची तीन गावं अकरा मिनिटं मुकी झाली, आणि ती का झाली हे तुम्हाला पहिल्या तासातच कळलं होतं. हे आधी सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे जे आहे ते सगळं त्या माणसाच्या लाजेबद्दल आहे, आणि लाज म्हटली की लोकांना वाटतं, ज्याला ती वाटते त्याचाच सगळा गुन्हा. तुम्हाला वाटत नाही म्हणून तुम्ही सुटलात, असं होऊ नये.

चौकशी अकराला होती. सव्वादहाला तो ऑफिससमोरच्या चौकात रस्ता ओलांडायला उभा होता, सिग्नलमधल्या लाल माणसाकडे बघत. आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, बॅगेत फाइल, सगळं नेहमीसारखं. गेले तीन आठवडे तो असंच करत होता, सगळं नेहमीसारखं करत राहायचं आणि मध्येच एखाद्या ठिकाणी, जिन्यावर किंवा दात घासताना, पाय अडल्यासारखं थांबायचं. तेवढ्यात त्याला जाणवलं की मागून कोणीतरी त्याच्या बॅगेला हात घातलाय. तो गर्रकन वळला. हात मागे न घेता मागचा माणूस म्हणाला, “साहेब, चेन उघडी होती. कागद पडले असते.” आणि त्याने चेन शेवटपर्यंत सावकाश ओढून लावली, एखादा दातही सुटू नये अशी. त्याची बोटं बघूनच ओळख पटली, चेहऱ्याआधी. टोकांवर बारीक पांढरे ओरखडे, काचेच्या कुसांचे. हा त्यांचा जोडणीवाला. रस्त्याखालच्या खड्ड्यांत उतरून, तुटलेली केसाएवढी काच काचेला जोडणारा. आज त्याचीच चौकशी होती.

“तुम्ही आत असणार ना?” जोडणीवाल्याने विचारलं.

“हो. असणार.”

“मग मला काळजी नाही. बायको मागे लागली होती, कुणाला तरी बरोबर घेऊन जा, चार शब्द नीट बोलणारा. मी म्हटलं, तिथे आपले साहेब आहेत की. सतरा वर्षं माझे जोड तेच तपासतायत. एक परत पाठवला नाही त्यांनी.”

“एक पाठवला होता.”

“पुलावरचा? वाऱ्यात उभं राहून केला होता तो. त्याला मी माझा म्हणतच नाही.” दोघंही हसले. हसताना त्याला स्वतःच्या हसण्याचा आवाज ऐकू आला आणि तो खरा वाटला, हे जास्त वाईट. सिग्नल हिरवा झाला, लोक दोन्ही बाजूंनी पुढे सरकले. जोडणीवाला सरकला नाही. “साहेब, एक विचारू? त्या दिवशी माझं काम रिकाम्या फायबरवर होतं, चालू फायबरला मी शिवलोसुद्धा नाही, असं मला वाटतंय. वाटतंय म्हणतो. कारण आता इतक्यांदा विचार केलाय की मलाच खात्री राहिली नाही. कोपर लागलं असेल का हो? तुमच्या कक्षातलं मशीनसुद्धा तेच म्हणतंय म्हणे. मशीन म्हणतंय म्हणजे असेलही.”

“आत बोलू,” तो म्हणाला. “तुम्ही व्हा पुढे. मला एक झेरॉक्स काढायचीय.”

त्याला कसलीही झेरॉक्स काढायची नव्हती. तो चौकातून डावीकडे वळला आणि इमारतीला वळसा घालून चालायला लागला. मागच्या बाजूला एसीच्या पेट्या भिंतीला लटकल्या होत्या, त्यांचं पाणी एका डब्यात टपटपत होतं, स्वयंपाकघराच्या दारात एक बाई मोबाइलवर कुणाला तरी झापत होती. मशीन म्हणतंय म्हणजे असेलही. सतरा वर्षं त्या माणसाने स्वतःच्या हातावर जेवढा विश्वास ठेवला तेवढा कुणी देवावर ठेवत नसेल, आणि तो हात आता त्याला परका झाला होता. नोकरी जाईल, परवाना जाईल, ते वेगळं. ते निदान बाहेरून घेतलेलं असतं. हे आतून काढून घेतलं होतं, आणि तुमच्या नव्हे, ह्याच्या हाताने.

काचेचं एक असतं. त्या केसाएवढ्या काचेतून ऐंशी वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश एकाच वेळी धावत असतो आणि प्रत्येक रंगावर कुणाचं तरी काहीतरी स्वार असतं, कुणाचं बोलणं, कुणाचा एक्स-रे, कुणाची परीक्षा. प्रकाश मंद ठेवला तर शेकडो किलोमीटर जाईपर्यंत तो खरखरीत बुडतो, म्हणून वाढवावासा वाटतो. थोडा वाढवला की बरं होतं. आणखी थोडा वाढवला की आणखी बरं. आणि मग एका जागी काच उलटते. प्रकाशाच्या जोराने काचेचाच स्वभाव बदलतो, एक रंग दुसऱ्याला धक्के मारायला लागतो, आणि जितका जोर वाढवाल तितकं सगळ्यांचंच बिघडतं. ती जागा कुठे आहे हे एकदाच मोजून भिंतीवर लिहून ठेवता येत नाही. उन्हाने, थंडीने, शेजारी कोण किती जोरात आहे त्याने ती सरकत राहते. तिच्या मागे मागे फिरणं हाच त्याचा धंदा. लोक कॉलेजात हे समीकरणांनी शिकतात. त्याला घरी कळलं होतं. वडील छापखान्यात मशीनवर होते आणि चाळिशीतच त्यांचे कान गेले. दोन खोल्यांचं घर. वडिलांना ऐकू जावं म्हणून आत्या मोठ्याने बोलायची, आत्याच्या वर बहीण पाठांतर करायची, बहिणीमुळे ऐकू येत नाही म्हणून रेडिओचं बटण आणखी फिरायचं, आणि पाच मिनिटांत अशी वेळ यायची की सगळेच ओरडतायत आणि कुणाला कुणाचं अक्षर कळत नाही. आई तेवढी उठून वडिलांच्या समोर बसायची आणि हलक्या आवाजात, ओठ नीट हलवत विचारायची, “भाजी कोणती करू?” आणि वडिलांना तेवढंच कळायचं.

आता माणसाने मागे फिरायची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी नियंत्रण कक्षात जी प्रणाली बसवली ती दर चार सेकंदांनी सगळ्या मार्गांवरच्या सगळ्या रंगांची नाडी बघते, कोण दमलंय, कोण फार चढलंय, आणि हळूच ह्याला थोडं वर, त्याला थोडं खाली करते. कधी कंटाळत नाही, कधी रजा मागत नाही, सगळ्यांशी जुळवून घेते, म्हणून कक्षातल्या कुणीतरी तिचं नाव ठेवलं सूनबाई. कक्षात एक मुलगी होती, जाड भिंगांमुळे सगळे तिला चष्मा म्हणत, ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, “सूनबाई काय. म्हणजे सासरच्यांनी वाटेल ते करायचं आणि हिने सांभाळून घ्यायचं.” सगळे हसले, आणि नाव तेच राहिलं. त्याला सूनबाईचा अभिमान होता. तिला बरंचसं त्यानेच शिकवलं होतं, म्हणजे झालेल्या बिघाडांच्या नोंदी घालून. काय झालं आणि का झालं. ती ‘का’ वरून शिकायची. तुम्ही कारण सांगा, ती पुढच्या वेळी त्या कारणापासून जपून राहील.

तीन आठवड्यांपूर्वीचा तो मंगळवार. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुमचा फोन आला. थेट तुमचा, मधल्या कुणाचा नाही, आणि त्याला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. तुम्ही म्हणालात, वर पाहुणे आलेत, साडेअकराला प्रात्यक्षिक आहे, त्यांचा चॅनेल जराही हलता कामा नये. तो म्हणाला, “सर, सूनबाई सांभाळेल.” तुम्ही म्हणालात, “सून-बिन नको. बांधून ठेव. आणि जरा वर ठेव.” बांधून ठेवणं म्हणजे एखादा रंग सूनबाईच्या हातातून काढून घेणं. मग तो तिला दिसतच नाही, तिच्या लेखी तो जगातच नसतो. तो म्हणाला, “सर, शेजारच्यांना त्रास होईल.” हे तो म्हणाला, हे खरं आहे. पण ते कसं म्हणाला, ते त्याला रोज आठवतं. दुकानात वजन कमी भरल्यावर आपण जसं हळूच म्हणतो, म्हणायचं म्हणून, दुकानदाराने ऐकू नये अशा बेताने. तुम्ही म्हणालात, “दोन तासांचा तर प्रश्न आहे.” त्याने पाहुण्यांचा एकतिसावा रंग बांधला, दोन डेसिबलने चढवला, कारणाच्या जागी ‘चाचणी’ असं लिहिलं आणि धुतलेला शर्ट घालून सातव्या मजल्यावर आला. तुम्हीच बोलावलं होतंत. पाहुण्यांनी काही तांत्रिक विचारलं तर असावा म्हणून.

कुणी काही विचारलं नाही. तो मागच्या रांगेत, दाराजवळ उभा होता. पडद्यावर हजारो किलोमीटरवरून आलेलं चित्र इतकं स्वच्छ होतं की एका पाहुण्याने जवळ जाऊन पडद्याला बोट लावलं. कॉफी फिरली. त्याने एक बिस्किट घेतलं, मग दुसरं. खिशात फोन थरथरायला लागला, तेव्हा दुसऱ्या बिस्किटाचा अर्धा तुकडा तोंडात होता. समोर तुम्ही बोलत होतात. त्याने फोन काढला नाही. थरथर थांबली, परत सुरू झाली, परत थांबली. मांडीवर ती थरथर अजून होते. गणित अगदी साधं होतं: खाली सूनबाईला एकतिसावा दिसत नव्हता, फक्त तिसावा आणि बत्तिसावा कण्हताना दिसत होते. का कण्हतायत ते कळेना. तिने त्यांना आवाज चढवायला दिला. ते चढले तशी त्यांच्या पलीकडचे बिथरले. तिने त्यांनाही चढवलं. वाटेतला प्रत्येक वर्धक, म्हणजे प्रकाश वाढवणारी पेटी, एकूण ठरलेलाच प्रकाश देऊ शकतो. इकडे चढवला की तिकडे कमी होतो. कमी होत होत सगळ्यात कडेचे, सगळ्यात दुबळे रंग विझले. त्यातल्या एकावर तीन गावांचा तातडीचा नंबर होता, रुग्णवाहिका आणि आगीचा बंब बोलावायचा. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यानेही वाजवल्या. मग बाहेर येऊन फोन बघितला आणि जिन्याने सहा मजले धावत उतरला. बांधलेला रंग सोडला. सूनबाईने बघितलं, तिला एका क्षणात सगळं कळलं, आणि चाळीस सेकंदांत तिने पूर्ण मार्ग निववला. अकरा मिनिटांत ती जे करू शकली नव्हती ते तिने चाळीस सेकंदांत केलं, कारण तिच्यापासून आता काही लपवलेलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत अहवाल हवा होता. तुम्ही तुमच्या खोलीत बोलावलंत, बसायला सांगितलंत, आणि तो प्रश्न विचारलात. त्याने सांगितलं, हो, एक जोडणीवाला होता, एकशेचाळीस किलोमीटरवर, रिकाम्या फायबरवर, परवाना घेऊन. तुम्ही म्हणालात, “होता ना?” मग तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. त्याने लिहिलं: घटनेच्या वेळी मार्गावर जोडणीचं काम सुरू होतं. सहा-सात शब्द, त्यातला एकही खोटा नाही. ते तो स्वतःला किती वेळा म्हणाला असेल. एका रविवारी ओट्याशी भाजी चिरताना बायकोने विचारलं, “तुझं काय चाललंय हल्ली? फोन वाजला की दचकतोस.” त्याने सांगितलं, अर्धंमुर्धं. ती म्हणाली, “म्हणजे तू खोटं लिहिलंस?” तो म्हणाला, “एक अक्षर खोटं नाही.” तिने सुरी खाली ठेवली. “मी तुला दुसऱ्यांदा विचारणार नाही,” ती म्हणाली, आणि खरंच विचारलं नाही. तेव्हापासून ती त्याच्याशी सगळं बोलत होती, दूध, लाइटचं बिल, तिच्या भावाचं दुखणं, आणि त्या सगळ्यातून एक जागा वगळत होती, फरशी ओली असली की आपण वळून जातो तशी.

वडिलांचं त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही. एकोणीस वर्षांचा असताना सुट्टीत तो छापखान्यात वडिलांच्या हाताखाली लागला होता. दुपारी वडील हात धुवायला गेले आणि मशीन त्याच्याकडे होतं. कागद जरासा तिरका लागला होता. त्याला दिसला होता, पण मशीन थांबवलं तर मालक येऊन विचारेल या भीतीने त्याने ते चालू ठेवलं. तीन हजार पानं वाकडी छापून निघाली. मालक आला. “मशीनवर कोण होतं?” त्याने, विचार न करता, अगदी खरं सांगितलं, “मशीन बाबांचं आहे.” मालक वडिलांकडे वळला आणि मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून बराच वेळ बोलला. वडील टॉवेलला हात पुसत ऐकत होते, म्हणजे तोंडाकडे बघत होते, आणि मान हलवत होते. हो. हो. बरोबर आहे. मालक गेल्यावर वडिलांनी एक वाकडं पान उचललं, उजेडात धरलं, मुलाकडे बघितलं आणि म्हणाले, “काय म्हणत होता रे तो?” त्याने हाताने काही नाही अशी खूण केली. पुढल्या सोमवारपासून वडिलांना मशीनवरून काढून गठ्ठे बांधायला बसवलं. बावीस वर्षांनी ते गेले तोपर्यंत तो विषय निघाला नाही. त्यांना तेव्हा खरंच ऐकू आलं नव्हतं का, हे त्याला कधी कळलं नाही. कधी वाटतं, आलं नव्हतं. कधी वाटतं, ते पान उजेडात धरून त्यांनी त्याला संधी दिली होती.

तिसऱ्या वळशाला इमारतीच्या मागच्या दारातल्या बाईने त्याच्याकडे संशयाने बघितलं. त्याने घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि पुढे निघाला. आणखी एक गोष्ट होती, तिच्याजवळ तो सहसा जात नसे. त्या अकरा मिनिटांत तातडीच्या नंबरावर आलेल्या आणि न लागलेल्या फोनांची यादी त्याच्याकडे होती. बहुतेकांनी एकदोनदा लावून पाहिला होता. एका नंबरावरून चौदा वेळा. पहिले आठ लागोपाठ, मग जरा अंतर ठेवून पाच, मग शेवटचा. नंतर नाही. लाइन सुरू झाल्यावरही त्या नंबरावरून फोन आला नाही. का आला नाही, याची दहा साधी कारणं असू शकतात. शेजाऱ्याची गाडी मिळाली असेल. आग विझली असेल. दहा दिवसांपूर्वी, दुपारी, गाडीच्या काचा वर करून त्याने तो नंबर लावला. दोनदाच वाजला. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, “कोण?” मग, “कोण बोलतंय? मोठ्याने बोला.” त्याने फोन ठेवला. आपण कोण बोलतोय, हे त्याला सांगता आलं असतं. हुद्दा होता, नाव होतं. तो गाडीत बसून राहिला आणि काचेवर त्याच्याच श्वासाचं धुकं जमलं.

आणि तरीही, एवढं सगळं असूनही, तो गप्प राहिला असता. हे त्याने स्वतःशी कबूल केलेलं होतं. चौकशीत एक कोपरा धरून बसला असता, खाली मान घालून, आणि जोडणीवाल्याला तंबी देऊन सोडतील असं धरून चालला असता. पण चार दिवसांपूर्वी चष्म्याने त्याला तिच्या पडद्याशी बोलावलं.

“सर, हे बघा जरा. या मार्गावर कुठेही जोडणीचा परवाना निघाला की ही अंग चोरते.”

“कोण?”

“तुमची सूनबाई. काम सुरू व्हायच्या आधीच सगळे रंग खाली करते. कालच्या खड्ड्यात तर माणूस उतरलाही नव्हता, नुसता परवाना निघाला होता. आणि नोंद काय करते, बघा. ‘धोका: जोडणीचं काम.’ आठ वेळा झालंय.” मग खुर्चीत मागे रेलून ती म्हणाली, “हिला कुणी ही भीती घातली?”

तो पडद्याकडे बघत राहिला. त्याचं ते वाक्य अहवालातून बिघाडांच्या नोंदीत गेलं होतं, आणि नोंदीतून सूनबाईकडे. एकतिसावा बांधल्याची नोंद होती, पण तिथे कारण होतं ‘चाचणी’, आणि चाचण्या ती शिकताना गाळते. तसं त्यानेच तिला सांगून ठेवलं होतं. म्हणजे तिला एवढंच दिसलं: एक माणूस खड्ड्यात उतरला आणि जग विझलं. ती प्रामाणिकपणे शिकली. आता देशभरच्या नव्हे, पण या एका मार्गावरच्या प्रत्येक जोडणीवाल्याकडे ती चोर बघावा तशी बघत होती. “बघतो मी,” तो म्हणाला. चष्म्याने भिंगांमागून त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. “बघा,” ती म्हणाली. “कारण वरून आजच माणूस आला होता. त्या आठ नोंदींची प्रत घेऊन गेला. चौकशीसाठी.”

पावणेअकराला तो सातव्या मजल्यावर होता. तीच खोली, पडद्याची, आता मध्ये लांब टेबल. अध्यक्ष म्हणून बाहेरून आणलेले एक निवृत्त अधिकारी, गोरेपान, सौम्य, सारखे पाणी पिणारे. त्यांच्या शेजारी तुम्ही. कोपऱ्यात लॅपटॉपवर नोंद घेणारी बाई. जोडणीवाला टेबलाच्या टोकाला, खुर्चीच्या कडेवर, परवान्याचा कागद दोन्ही हातांनी धरून. ह्याला बघून त्याने ओळखीची मान हलवली.

अध्यक्षांनी प्रेमाने विचारलं. किती वर्षं काम करता, त्या दिवशी काय केलंत, चालू फायबर शेजारीच होता ना, हात किंवा कोपर लागण्याची शक्यता आहे की नाही. “शक्यता म्हणजे,” जोडणीवाला म्हणाला, “तशी शक्यता कशाचीही असते साहेब.” तुम्ही हलकेच मान हलवलीत. मग अध्यक्षांनी ते आठ नोंदींचे कागद वर धरले. “आम्ही माणसांवर विश्वास ठेवून निर्णय करत नाही,” ते म्हणाले, “माणसाला राग असतो, लोभ असतो. पण ही यंत्रणा बघा. तिचं तुमच्याशी काही वैर आहे? आठ वेळा ती सांगतेय की जोडणीच्या कामाने मार्गाला धोका आहे. यंत्राला कशाला खोटं बोलायचंय?”

जोडणीवाला त्या कागदांकडे बघत होता. आणि त्याने मान हलवायला सुरुवात केली. हो. हो. बरोबर आहे.

“तिला मी सांगितलं,” हा उठून म्हणाला.

आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा हलका निघाला. अध्यक्ष ग्लास हातात धरून थांबले. “काय म्हणालात?”

“तिला मी सांगितलं. यंत्रणेला. ती माझ्या अहवालावरून शिकते. माझ्या अहवालात कारण खोटं आहे, म्हणून तिच्या आठही नोंदी खोट्या आहेत. तुम्ही माझा अहवाल पुरावा म्हणून घेतलात आणि मग माझ्याच अहवालाची आठ प्रतिबिंबं त्याला साक्षीदार म्हणून आणलीत.” मग त्याने सगळं सांगितलं. एकतिसावा रंग, दोन डेसिबल, ‘चाचणी’, मांडीवर थरथरणारा फोन. बिस्किटांचंही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती. काच कशी उलटते ते अध्यक्षांना कळेल अशा भाषेत सांगितलं. बांधल्या-सोडल्याच्या वेळांचा कागद फाइलीतून काढून टेबलावर ठेवला. नोंद घेणाऱ्या बाईंची बोटं पटपट चालत होती. बोलताना तो एकदाही टेबलाच्या टोकाकडे बघू शकला नाही.

तुम्ही घसा साफ केलात. “हा तांत्रिक भाग झाला,” तुम्ही अध्यक्षांना म्हणालात. “आजचा विषय फक्त मार्गावरच्या कामापुरता आहे. यांचं जे काही आहे ते आपण स्वतंत्रपणे बघू.”

अध्यक्षांनी आशेने मान हलवली. तेव्हा जोडणीवाला बोलला. तुमच्याशी नाही, अध्यक्षांशी नाही.

“म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

त्याने टेबलावरचा वेळांचा कागद सरळ केला.

“मघाशी चौकात मी विचारलं, माझं कोपर लागलं असेल का. तेव्हाही माहीत होतं?”

आता त्याला बघावं लागलं. जोडणीवाल्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तो फक्त समजून घ्यायचा प्रयत्न करत होता, एखादा जोड उजेडात धरून बघावा तसा, कुठे चुकलं ते शोधत. परवान्याचा कागद त्याने टेबलावर ठेवला होता आणि हात मांडीवर, तळवे वर. तीन आठवडे तो त्या हातांकडे कसा बघत आला असेल.

“हो,” तो म्हणाला. “माहीत होतं. पहिल्या तासापासून. मघाशीही. तुमचं कोपर कुठेही लागलेलं नाही. तुम्ही चालू फायबरला शिवला नाहीत.”

जोडणीवाल्याने माफ केलं नाही, शिवी दिली नाही. त्याने खुर्ची जरा तिरकी केली, एवढंच, म्हणजे ह्याच्याकडे पाठ होईल. त्या पाठीकडे बघत उभं राहणं हे ह्याला आता रोजचं होतं, आणि ते त्याने ओळखलं.

मग तो तुमच्याकडे वळला.

“सर, मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या टेबलावर फोन आला. कक्षाच्या फोनांच्या यादीत तो आहे, पण यादी राहू दे. मला तुमच्याकडून ऐकायचंय. तो चॅनेल बांधून वर ठेव, असं मला तुम्ही सांगितलंत की नाही?”

“मी म्हटलं ना, ते आपण स्वतंत्रपणे—”

“स्वतंत्रपणे नको. हा माणूस इथे बसलाय तोवरच. त्याने मला विचारलं, मी त्याला उत्तर दिलं. दिल्यावर काय होतं ते तुम्ही आत्ता बघितलंत. आता मी तुम्हाला विचारतोय.”

नोंद घेणाऱ्या बाईंनी बोटं कीबोर्डवर तशीच ठेवली आहेत. तुमच्या नावापुढे त्यांनी दोन ठिपके दिले आहेत आणि पुढची ओळ कोरी आहे. अध्यक्षसुद्धा पाणी पीत नाहीत. सांगितलंत की नाही? बोला.